‘जंबो’चा जांभळाशी काही संबंध नाही

तुमचा प्रश्न असा की पश्चिम रेल्वेचा ‘जंबो ब्लॉक’, पेपरातलं ‘जंबो मंत्रिमंडळ’ आणि करोनाच्या काळातली ‘जंबो सेंटरं’ यांतला जंबो आला कुठून, आणि जंबुद्वीपातल्या ‘जंबू’शी त्याचं नातं लावता येईल का.

लावायचा मोह मलाही झाला होता. जंबुद्वीपाला ज्या झाडावरून नाव पडलं, त्याची फळं मोठाल्या हत्तींएवढी असतात असं विष्णुपुराणात वर्णन आहे. जंबू, हत्ती, अवाढव्य आकार, सगळं एकाच जागी सापडलं. पण इतकं आयतं जुळून आलं की मला आधी संशय येतो. जंबू म्हणजे जांभूळ, आणि इंग्रजीतला जंबो त्या वाटेनं आलेलाच नाही.

तो आला एका खऱ्याखुऱ्या हत्तीकडून. सुदान आणि इथिओपियाच्या सरहद्दीकडे १८६० च्या सुमारास पकडलेलं हे पिल्लू आधी पॅरिसला गेलं, आणि १८६५ मध्ये अदलाबदलीत लंडनच्या प्राणिसंग्रहालयाकडे आलं. आलं तेव्हा ते रोगट, हडकुळं होतं. मॅथ्यू स्कॉट नावाच्या माहुतानं त्याला जगवलं. पुढं तो वाढत गेला, पोरांना पाठीवर बसवून फिरवू लागला आणि अख्ख्या लंडनचा लाडका झाला. १८८२ मध्ये संग्रहालयानं तो बार्नम या अमेरिकन सर्कसवाल्याला २,००० पौंडांना विकला, तेव्हा इंग्लंडभर गहजब झाला. मुलांनी थेट व्हिक्टोरिया राणीला पत्रं लिहिली. उपयोग शून्य.

बार्नम म्हणजे जाहिरातीतला पोचलेला गडी. जंबोची उंची सव्वातीन मीटरच्या आसपास होती. हा ती चार मीटर सांगायचा. जंबोच्या नावानं सिगारींपासून पंख्यांपर्यंत काय वाट्टेल ते विकलं जाऊ लागलं, आणि त्याच धांदलीत नावाचं विशेषण झालं. तोवर ‘जंबो’ अगदीच अनोळखी होता असं नाही. बेढब, धिप्पाड माणूस किंवा वस्तू या अर्थानं तो १८२३ च्या इंग्रजी बोलीत नोंदलेला आहे. पण ती शिवी होती, मापाचं नाव नव्हतं. धिप्पाडपणाची टिंगल जाऊन त्याजागी कौतुक आलं ते या हत्तीमुळं.

मग हत्तीला हे नाव का पडलं? स्वाहिलीत ‘जांबो’ म्हणजे नमस्कार आणि ‘जुंबे’ म्हणजे मुखिया, म्हणून तिथून, असं बरेच जण ठोकून देतात. मला ते पटत नाही. हत्ती ज्या भागातला, तिथं स्वाहिली बोलतच नाहीत. पश्चिम आफ्रिकेतल्या मुखवटेधारी ‘मंबो जंबो’वरून इंग्रजांच्या तोंडी आधीच जे रुळलं होतं, तेच हत्तीला चिकटलं असावं, याकडे माझा कल आहे. छातीठोक पुरावा मात्र कुणाकडेच नाही.

१५ सप्टेंबर १८८५ ला कॅनडातल्या सेंट थॉमस गावी रेल्वेच्या यार्डात मालगाडीची धडक बसून जंबो मेला. (रविवारी ‘जंबो ब्लॉक’ची घोषणा ऐकली की मला हटकून हे आठवतं.) त्यानंतरही बार्नमनं त्याला सोडलं नाही. कातडं भरताना, जमेल तितका मोठा दिसू दे, असं त्यानं कारागिरांना बजावलं. म्हणजे मेल्यावर हत्तीच नावाच्या मापाला ताणला गेला! सांगाडा न्यूयॉर्कच्या संग्रहालयात गेला आणि भरलेला हत्ती टफ्ट्स विद्यापीठात. परीक्षेआधी पोरं नशीब उजळावं म्हणून त्याची शेपूट ओढायची. १९७५ च्या आगीत तो जळाला, आणि त्याची मूठभर राख तिथल्या क्रीडा विभागात शेंगदाण्याच्या लोण्याच्या रिकाम्या बरणीत जपून ठेवलेली आहे.

आपल्याकडे हा शब्द माझ्या मते हत्तीवर बसून नाही, विमानातून आला. बोइंग ७४७ पहिल्यांदा उडालं ९ फेब्रुवारी १९६९ ला, आणि १९७१ मध्ये एअर इंडियानं ‘सम्राट अशोक’ नावाचं आपलं पहिलं जंबो जेट आणलं. अनिल कुंबळेला ‘जंबो’ म्हणतात तेही त्याच्या चेंडूची झेप जंबो जेटसारखी म्हणून, असं सांगतात. मंत्रिमंडळाचं म्हणाल, तर २००३ च्या ९१ व्या घटनादुरुस्तीनं मंत्र्यांच्या संख्येवर विधानसभेच्या १५ टक्क्यांची मर्यादा घातली. आपल्या २८८ आमदारांच्या सभागृहात ती ४३ वर येते. तरी चाळिशी गाठली की मथळ्यात जंबो येतोच.

राहिला तुमचा शेवटचा प्रश्न, जंबो ब्लॉक मोठा की मेगाब्लॉक? ‘मेगा’ ग्रीक, त्याचा अर्थ नुसता ‘मोठा’. मध्य रेल्वे मेगाब्लॉक म्हणते, पश्चिम रेल्वे जंबो, एवढाच फरक. किती तास गाड्या बंद, ते वेळापत्रकात बघा. नावावरून कळणार नाही. आणि जंबो लिहा की जम्बो, दोन्ही चालतं. मी अनुस्वार देतो.