रॉ फूड डाएटमध्ये सुकामेवा आणि बिया किती खायच्या, कशा खायच्या?

तुम्ही लिहिलंय की दीड महिन्यापासून रॉ फूड, म्हणजे काहीही न शिजवता कच्चंच खाणं, करताय, रोज दोन वाट्या भिजवलेले बदाम, काजू, शेंगदाणे आणि वरून जवस-तीळ खाताय, तरी पोट जड राहतं, आंबट ढेकरा येतात आणि वजन उतरायच्या ऐवजी वाढलंय. मी ठाण्यात नोकरी सांभाळून हे सात महिने केलंय आणि अगदी इथेच अडकले होते, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

दोन वाट्या खूप जास्त होतात हो. वाटीत साधारण 100 ग्रॅम बदाम बसले असं धरलं तर त्यात 580 च्या आसपास कॅलरी आणि जवळजवळ 50 ग्रॅम फॅट येतं, म्हणजे एक वाटी बदाम म्हणजे मध्यम आकाराच्या तीनेक भाकऱ्या झाल्या, आणि तुम्ही दोन वाट्या खाताय. होतं काय की भाकरी, भात, वरण सगळं एकदम बंद होतं, काकडी-गाजर-पपई कितीही खाल्लं तरी दोन तासांत परत पोटात खड्डा पडतो आणि मग ऑफिसच्या ड्रॉवरमधल्या डब्याकडेच हात जातो. माझं असंच व्हायचं, चार वाजता मूठभर, सहाला मूठभर, घरी आल्यावर स्वयंपाक करायचा नाही म्हणून परत मूठभर, आणि मनात हेच की आपण तर फळं-भाज्यांवर आहोत. एकदा स्वयंपाकघरातल्या काट्यावर दिवसभराचं मोजलं तर 180 ग्रॅम निघाले. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेने 2024 मध्ये जी आहाराची मार्गदर्शक तत्त्वं दिली त्यात 2000 कॅलरीच्या ताटात सुकामेवा आणि बिया मिळून 35 ग्रॅम धरलेत. कच्चं खाणाऱ्याला थोडं जास्त लागेल हे मान्य, मी 50 पर्यंत जाते, पण त्याच्या पुढे माझं पोट बोलायला लागतं.

आता भिजवण्याचं. रात्रभर भिजवलेला बदाम मऊ होतो, साल निघते, चावायला आणि पचायला मला तरी हलका वाटतो, म्हणून जरूर भिजवा. पण भिजवलं की त्यातलं फायटिक ॲसिड, म्हणजे लोह-जस्त अंगी लागू न देणारा घटक, सगळं निघून जातं असं जे सगळीकडे सांगतात ते बदामाच्या बाबतीत फारसं खरं नाही, त्यामुळे भिजवलेत म्हणून दुप्पट खाल्ले तरी चालतात असं काही नाही. पाणी मात्र फेकून द्या, आणि उन्हाळ्यात भिजवलेलं भांडं ओट्यावर ठेवू नका, फ्रीजमध्येच ठेवा, मे महिन्यात आपल्याकडे ते सकाळपर्यंत बुळबुळीत होतं. कडू बदाम लागला तर थुंकून टाका, त्या कडूपणातूनच पोटात सायनाइड तयार होतं.

काजूचं तर आधी मनातून काढून टाका की बाजारातला पांढरा काजू कच्चा असतो. माझं आजोळ वेंगुर्ल्याकडचं, त्यामुळे हे डोळ्यांनी बघितलंय. काजूच्या टरफलात जो चीक असतो तो कातडी भाजतो, म्हणून कारखान्यात बी आधी वाफवतात, मग फोडतात, मग साल सुटावी म्हणून परत गरम हवेत वाळवतात. पाकिटावर भाजलेला नाही असं लिहिलेलं असलं तरी दोनदा उष्णता लागून गेलेली असते. खरा कच्चा म्हणजे ओला काजू, फेब्रुवारी-मार्चमध्ये येतो तो. आजी विळीवर हिरवी बी उभी चिरायची, बोटांना राख चोळून, आणि काडीने आतला गर अलगद उचलायची. तो कोमट पाण्यात टाकला की वरची साल सुटते आणि आत दुधासारखा पांढरा, करकरीत, किंचित गोड गर. मावशीने एकदा राख न लावता बसून पाचशे बिया सोलल्या तर पुढचे आठ दिवस तिच्या बोटांची कातडी सालपटासारखी निघत होती. चीक लागलेला गर तसाच तोंडात टाकू नका, ओठ सुजतात. त्यामुळे तुम्ही तत्त्वाने कच्चंच खायचं म्हणून काजू खात असाल तर ते खरं कच्चं नाहीये, आणि चव आवडते म्हणून खात असाल तर चार-पाच खुशाल खा.

शेंगदाण्यावर मला सगळ्यात जास्त बोलायचंय, कारण मी त्यातच फसले. तो सुकामेवा नाही, कडधान्याच्या घराण्यातला आहे, कच्चा पचायला जड, आणि तुमचे ढेकर बहुतेक त्याचेच असावेत, आठ दिवस फक्त शेंगदाणे बंद करून बघा. दुसरं म्हणजे बुरशी. दमट हवेत साठवलेल्या दाण्यावर एक बुरशी वाढते, तिचं विष, अफ्लाटॉक्सिन, लिव्हरवर जातं, ते भिजवून जात नाही आणि भाजूनही पूर्ण जात नाही. आमची आई दाणे कुटायच्या आधी परातीत पसरून बसायची, सुरकुतलेला, काळपट, डाग पडलेला, कडेला हिरवट झाक असलेला दाणा बाजूला, आणि शंका आली की एक दाणा दाताखाली. पोरवयात मला वाटायचं किती वेळ घालवते, आता मी स्वतः तसंच करते. एक दाणा कडू-खवट लागला की मी ती मूठच टाकून देते. नवी ओली शेंग मिळाली तर ती कच्ची खायला काहीच हरकत नाही, पण जुना दाणा मी भाजूनच खाते, ह्या बाबतीत मी रॉचा हट्ट सोडला.

बियांचं थोडक्यात. जवस अख्खा गिळला तर जसाच्या तसा बाहेर पडतो, मिक्सरला फिरवून त्याच दिवशी खा, कारण पूड अख्ख्या बीपेक्षा लवकर खवट होते, आणि कच्चा असेल तर दिवसाला एक चमचा पुरे. तीळ बिनपॉलिशचे घ्या आणि वाटून घ्या. अळीव नारळाच्या पाण्यात भिजवून मला फार आवडतात. भोपळ्याच्या बिया, कारळे आलटून पालटून. आणि मोड आणून कच्चं खाताना राजमा अजिबात नको, कच्च्या राजम्याने उलट्या-जुलाब होतात.

सुकामेवा कितीही खाल्ला तरी त्यात बी-12 जीवनसत्त्व नाही. दूधही सोडलं असेल तर गोळी घ्यावीच लागेल, माझं सहाव्या महिन्यात तपासलं तेव्हा तळाला गेलं होतं, हातापायाला मुंग्या यायच्या आणि मी ते कॉम्प्युटरवर काम करून होतंय असं समजत राहिले. गांधीजींनीसुद्धा 1929 मध्ये आश्रमात न शिजवलेल्या अन्नाचा प्रयोग केला होता, मोड आलेले गहू, वाटलेले बदाम, पाला, लिंबू, मध असा, आणि काही महिन्यांत पोट बिघडल्यावर थांबवला. जर्मनीत 1999 साली कच्चं खाणाऱ्यांचा एक मोठा अभ्यास आला त्यात 45 च्या आतल्या जवळपास 30 टक्के बायकांची पाळी अनियमित झालेली किंवा बंद पडलेली निघाली. पाळी जाते ती वजन फार उतरलेल्यांची, आपलं तर वाढतंय, म्हणून हे लागू नाही असं धरू नका, शेंगदाणे-बदाम कमी केल्यावर काट्यावर काय होतंय ते लिहून ठेवा, आणि पाळी दोनदा पुढे गेली तर डॉक्टरांना दाखवून शिजवलेलं वरण-भात परत सुरू करा.

माझं सध्या असं आहे, सकाळी दहा बदाम आणि दोन अक्रोड भिजवलेले, दुपारी कोशिंबिरीवर एक चमचा तिळाचं कूट आणि ओलं खोबरं, संध्याकाळी भोपळ्याच्या बिया चिमूटभर, आणि रात्री ज्वारीची गरम भाकरी. तुमचं वय आणि दिवसभरात बाकी काय खाता ते कमेंटमध्ये टाका, मग मुठी कितीच्या ते नीट सांगता येईल.