स्प्रूसची रोपे पहिल्याच कडाक्यात का जळतात?

कॅनडाच्या ब्रिटिश कोलंबिया प्रांतातील प्रिन्स जॉर्जजवळ आपण ट्रेमध्ये वाढवलेल्या पांढऱ्या स्प्रूसच्या (सुईसारख्या पानांच्या एका सदाहरित वृक्षाच्या) रोपांचे शेंडे सप्टेंबरातील एका गारठलेल्या रात्रीनंतर माना टाकून लाल पडले, आणि पोटॅश जास्त दिले असते तर ती वाचली असती का, असे आपण विचारले आहे. मी याच प्रांतातील एका रोपवाटिकेत काही वर्षे काम केले आहे. माझ्या मते पोटॅशची कमतरता नसेल, तर वरून आणखी घालून फारसे काही साधत नाही. रोपाची वाढ वेळेवर थांबली होती का, हे आधी पाहावे.

थंडीसाठी पूर्ण तयार झालेला पांढरा स्प्रूस उणे ४० अंश सेल्सिअसचीही थंडी सोसतो, पण वाढीच्या भरात असताना त्याचा कोवळा शेंडा उणे ३ ते ५ अंशांतच मरू शकतो. रात्री लांबू लागल्याचे पानांतील फायटोक्रोम या रंगद्रव्यामुळे रोपाला कळते, वाढ थांबते आणि शेंड्यावर कळी (फुलाची नव्हे, पुढच्या वाढीची) धरते. त्यानंतर शून्याच्या आसपासच्या रात्री मिळाल्या की पेशींत साखर व संरक्षक प्रथिने साठतात आणि पेशीतले पाणी बाहेर जाऊन तेथे गोठते, आत गोठत नाही. कळीच धरली नसेल, तर पुढची तयारी अपुरी राहते.

आपल्याकडे जूनमध्ये दिवस सुमारे १७ तासांचा असतो. म्हणून रोपवाटिकांत जुलैच्या उत्तरार्धात दोन-तीन आठवडे रोपांवर रोज संध्याकाळपासून सकाळपर्यंत काळे कापड ओढून दिवस ८ ते १० तासांचा करतात. अंधार मात्र खरा हवा. आमच्याकडे आवारातील दिव्याजवळच्या रांगा बाकीच्यांनी कळी धरल्यावरही वाढतच राहिल्या होत्या. कापडाखाली उष्णता कोंडू देऊ नये, आणि हा उपाय फार लवकरही करू नये, कारण कापड काढल्यावर दिवस अजून मोठेच असतील तर कळी पुन्हा फुटते. नॉर्वे स्प्रूस या दुसऱ्या जातीत तर असे कापड ओढलेल्या रोपांना पुढच्या वसंतात लवकर पालवी येते आणि उशिराच्या हिमाचा धोका वाढतो.

या काळात नत्र कमी करावे, पण कळी धरल्यानंतर थोडे खत पुन्हा सुरू करावे. उपाशी रोप काटक होत नाही. बियाणे आपल्याच भागातले आणि समुद्रसपाटीपासून तेवढ्याच उंचीवरचे आहे ना, हेही तपासावे. मुळे शेंड्याइतकी कणखर कधीच होत नाहीत, म्हणून ट्रे हिवाळ्यात उघड्या बाकावर न ठेवता जमिनीवर एकमेकांना चिकटवून ठेवावेत आणि त्यांवर बर्फ साचू द्यावा.

रोपे तयार झाली का, हे घरीही ढोबळमानाने पाहता येते. ऑक्टोबरअखेर काही शेंडे कापून, ओलसर कागदात गुंडाळून थर्मासमध्ये घालावेत, म्हणजे ते हळूहळू गार होतील, आणि थर्मास घरच्या डीप फ्रीझरमध्ये एक-दोन दिवस ठेवावा. फ्रीझर साधारण उणे १८ अंशांचा असतो आणि येथील रोपवाटिकाही शीतगृहात रोपे नेण्याआधी याच तापमानाला चाचणी घेतात. नंतर शेंडे आठवडाभर खोलीत पाण्यात उभे ठेवून पाहावे; पाव भागाहून अधिक पाने तपकिरी झाली, तर ती रोपे अजून तयार नाहीत असे समजावे.