आधी तो लाल समुद्र खोडून टाक

अनेक आशीर्वाद.

तुझी वही पाहिली. भूपट्टांची, म्हणजे पृथ्वीच्या बाहेरच्या कवचाच्या सरकत्या तुकड्यांची, नावं चोख आहेत, गर्ता, म्हणजे समुद्रतळावरचे खोल चरही, जागच्या जागी आहेत. पण छेदचित्रात भूपट्टांखाली लाल रंगाचा समुद्र काढून त्यावर ‘वितळलेला खडक’ असं लिहिलंस, तिथे मी अडलो. तो समुद्र खोडून टाक. भूपट्टांखालचं प्रावरण, म्हणजे कवच आणि गाभा यांच्यामधला थर, जवळपास सगळं घन आहे. भूकंपाच्या एस-लहरी द्रवातून जात नाहीत, प्रावरणातून मात्र आरपार जातात. हा घन खडकच सरकतो, तोही वर्षाला काही सेंटीमीटर इतक्या संथपणे.

एकदा हे मान्य केलं की खरी पंचाईत सुरू होते. खाली सगळं घन, तर समुद्रतळावर लाव्हा येतो कुठून? म्हणून माझं सांगणं एवढंच की, कुठलाही ज्वालामुखी समोर आला की आधी विचार: इथला खडक का वितळला?

मध्य-महासागरी पर्वतरांगेपासून सुरुवात कर. सुमारे 65,000 किलोमीटर लांबीची ही रांग जवळजवळ सगळी पाण्याखाली आहे. तिथे दोन भूपट्ट एकमेकांपासून दूर जातात आणि पोकळी भरायला खालचं प्रावरण वर सरकतं. वर येताना त्याची उष्णता फारशी घटत नाही, पण त्याच्यावरचा दाब मात्र झपाट्याने उतरतो. दाब उतरला की वितळण्याचं तापमानही उतरतं आणि खडकाचा थोडासा भाग वितळतो. कुणी खालून जाळ वाढवलेला नसतो! या थोड्याशा वितळण्यातूनच महासागराखालचं सहा-सात किलोमीटर जाडीचं कवच तयार होतं.

तो लाव्हा बाहेर पडतानाच्या चित्रफिती सापडल्या तर सावकाश पाहा. सुमारे 1200 अंश सेल्सिअसचा लाव्हा गोठणबिंदूच्या जरासा वरच्या पाण्यात येतो आणि त्याची साल क्षणात काचेसारखी थिजते. आतून दाब येतच असतो. साल तडकते आणि फटीतून नवा लोळा बाहेर येतो, ट्यूब दाबल्यावर टूथपेस्ट येते तसा. अशा लोळ्यांचा ढीग म्हणजे ‘उशी लाव्हा’. एखादी उशी फोडलेली पाहायला मिळाली तर कडेची काळी काच बघ आणि मध्याकडे जाणाऱ्या भेगा बघ. डोंगरमाथ्यावर असा खडक दिसला तर तो लाव्हा पाण्याखाली ओतला गेला होता, हे बेलाशक समज.

गर्तांपाशी उत्तर पार बदलतं. तिथे थंड, जुना भूपट्ट खाली बुडतो, म्हणजे वितळायला तर काहीच कारण नाही असं वाटेल. पण बुडणाऱ्या खडकाच्या खनिजांतलं पाणी सुटतं, वरच्या प्रावरणात शिरतं आणि त्याचं वितळण्याचं तापमान खाली आणतं. हवाईसारख्या ठिकाणी मात्र खालून येणारा खडक खरोखरच जास्त तप्त असतो. दाब, पाणी, उष्णता: वितळण्याची मुख्य कारणं एवढीच, आणि परीक्षेत बहुतेकांना फक्त तिसरं आठवतं.

आणखी एक. छेदचित्रं छापील घेऊन चिकटवू नकोस, हाताने काढ. समुद्रतळाचे नकाशे काढणाऱ्या मेरी थार्पने 1952च्या सुमारास समुद्राच्या खोलीच्या ध्वनिमापनाचे आकडे हाताने कागदावर उतरवले, तेव्हा अटलांटिकच्या पर्वतरांगेच्या माथ्यावर तिला सलग खचदरी, म्हणजे कवच ताणून खचल्याने झालेली दरी, दिसली. तिचा सहकारी ब्रूस हीझन याने आधी ती गोष्ट उडवून लावली. पुढे भूकंपांची केंद्रं त्याच प्रमाणाच्या नकाशावर टाकली, तर ती नेमकी त्या दरीत पडली. त्या काळी स्त्रियांना संशोधन-जहाजावर घेत नसत, त्यामुळे तिने हे सगळं किनाऱ्यावर बसून केलं. जहाजावर गेलेल्यांच्या नजरेतून ते निसटलं होतं, हे मला अजूनही गमतीचं वाटतं.

आता पुढचं काम. ईशान्य प्रशांत महासागरात ॲक्सियल नावाचा सागरी ज्वालामुखी आहे. 1998, 2011 आणि 2015 साली त्याचे उद्रेक झाले. उद्रेकाआधी त्याचा तळ फुगतो आणि उद्रेकानंतर खचतो, आणि तळावर बसवलेली उपकरणं ते मोजतात. त्याचं छेदचित्र काढ आणि खडक का वितळला ते बाजूला लिही. तो पर्वतरांगेवर आहे, म्हणून ‘दाब उतरला’ एवढं लिहून वही मिटू नकोस. तिथे एक कारण पुरत नाही. नकाशावर त्याच्या वायव्येला पसरलेली बुडालेल्या ज्वालामुखींची माळ बघ, मग मला लिही.