ट्रेलर गळतोय, पण भोक नक्की कुठंय?

प्रश्न : नमस्कार, आम्ही ओहायोत असतो. मागच्या समरला एका रिटायर्ड जोडप्याकडून १९९८ चा २४ फुटी ट्रॅव्हल ट्रेलर (गाडीमागे ओढायचं चाकांवरचं घर) घेतला, घेताना सगळं कोरडं ठाक होतं. आता पाऊस झाला की पुढच्या बेडवरच्या कपाटात ओल येते आणि सीलिंगला चहासारखे डाग पडलेत. छतावर चढून बघितलं तर जागोजागी पांढरं सिलिकॉन फासलंय. होम डेपोत, म्हणजे इथल्या घरदुरुस्तीच्या दुकानात, डांबरी रूफ कोटिंग स्वस्तात मिळतंय, पूर्ण छताला मारून टाकू का? पुण्यात आमच्या गच्चीला असंच काहीतरी मारलेलं, चाललं दहा वर्षं.

उत्तर : थांबा, तो डबा उघडू नका! पुण्याची गच्ची सिमेंटची, तुमच्या ट्रेलरवर बहुतेक ईपीडीएम म्हणजे रबराची चादर असणार आणि पेट्रोलियमवाला माल लागला की ते रबर फुगतं, सुटतं. खात्री करायची तर छतातल्या व्हेंटची (हवेच्या झरोक्याची) आतली पट्टी काढून चादरीची कड बघा, खालची बाजू काळी असेल तर ईपीडीएम.

आता डाग कपाटात दिसतोय म्हणून भोक कपाटाच्या डोक्यावरच असेल असं धरून बसू नका. पाणी चादरीखाली शिरतं, वाशावरून सरकत जातं आणि मन मानेल तिथे टपकतं. कोकणात कौल फुटलेलं एकीकडे आणि पातेलं ठेवायचं दुसरीकडे, तसलाच प्रकार. तुमची ओल पुढे आहे तर माझा पहिला संशय छत आणि पुढची भिंत जुळते त्या जोडावर, तिथल्या पट्टीच्या स्क्रूंवरचा सीलंट, म्हणजे फटी बुजवायचा माल, इतक्या वर्षांत तडकलेला असतो, मग पुढच्या कपाळावरचे ते छोटे नारिंगी दिवे, त्यांच्या मागे वायरचं भोक असतं आणि लोक वर छतावर शोधत बसतात. कोपऱ्याच्या अॅल्युमिनियम पट्टीतली प्लास्टिकची फीतही बघा, ती उन्हाने आखडते आणि स्क्रू उघडे पडतात.

शोधायचं कसं, तर होजने (पाण्याच्या पाइपने) खालून वर या. आधी दिवे, मग कोपरे, मग जोड, शेवटी व्हेंट, प्रत्येक ठिकाणी पाच-दहा मिनिटं थांबा आणि आत कोणाला तरी टॉर्च घेऊन बसवा. एकदम वरून पाणी सोडलं तर सगळंच भिजतं आणि कळत काहीच नाही. छतावर जाताना प्लायवूडचा तुकडा टाकून त्यावर गुडघे टेका, जुन्या छतावर थेट उभं राहू नका.

जागा सापडली की खरं कंटाळवाणं काम, ते आधीच्या मालकाचं सिलिकॉन काढणं. सिलिकॉनवर दुसरं काही चिकटत नाही, नवं सिलिकॉनसुद्धा धड नाही, म्हणून प्लास्टिकच्या खरवडणीने सगळं काढायचं, धातूची घेतलीत तर रबर फाटेल. यात अख्खा शनिवार जातो, जाऊ द्या. पट्टी सैल असेल तर उचलून खाली नवी ब्यूटाइल टेप (चिकट रबरी पट्टी), स्क्रू परत घट्ट, आणि वरून डायकोर कंपनीचा लॅप सीलंट, म्हणजे छताच्या जोडांवर लावायचा सीलंट. सपाट जागेला आपोआप पसरणारा घ्या, उभ्या जागेला न ओघळणारा, उलट केलंत तर सीलंट बंपरवर येईल. चादर फाटलेली असेल तिथे इटर्नाबाँड ही छत दुरुस्तीची चिकट टेप लावा, पण विचार करून, एकदा चिकटली की काढताना छप्परच निघतं. हे सगळं ऊन असताना करा, ऑक्टोबरच्या थंडीत नीट धरत नाही.

त्याआधी एक. डागापाशी स्क्रूड्रायव्हर दाबून बघा. आत गेला तर लाकूड कुजलंय, मग वरून कितीही सीलंट लावा, फक्त आतलं पाणी आतच कोंडाल. तो भाग उघडून कुजका प्लायवूड काढावाच लागेल, लाकूड नुसतं ओलं असेल तर निदान डिह्युमिडिफायर (हवेतली ओल ओढणारं यंत्र) लावून चार-सहा दिवस वाळवा. बाहेरची भिंत फुगलेली दिसली तर मात्र खर्च ट्रेलरच्या किमतीपुढे जाऊ शकतो, तेव्हा आधी ते बघा आणि मगच सामान आणायला जा. आणि वरून निळी ताडपत्री बांधून ठेवू नका, वाऱ्याने फडफडून तीच रबर घासते.