घंटा व्हायच्या आत : शिक्षकांचे प्रश्न, बाईंची उत्तरं

(हायस्कूलमध्ये तेहतीस वर्षं गणित-विज्ञान शिकवून निवृत्त झालेल्या कोल्हापूरच्या बाई या सदरात शिक्षकांच्या पत्रांना उत्तरं देतात.)

प्रश्न : बाई, मी नववीला गणित शिकवतो. नोकरीचं दुसरं वर्ष आहे, वर्गात एकसष्ट मुलं. फळ्यावर उदाहरण सोडवून "समजलं का?" विचारलं की सगळे एका सुरात "हो सर" म्हणतात. चाचणीत मात्र निम्मे पेपर कोरे. माझं शिकवणं कमी पडतंय, की मुलांचंच लक्ष नाही? (एक शिक्षक, कागल तालुका)

उत्तर : सर, आधी "समजलं का?" हा प्रश्न बंद करा. त्याला "हो"शिवाय दुसरं उत्तरच नसतं. एकसष्ट पोरांत उभं राहून "नाही समजलं" म्हणायची छाती तुमची-माझी तरी आहे का? प्रशिक्षणात साहेबांनी "काही शंका?" विचारल्यावर आपण काय करतो ते आठवा. चहाच्या किटलीवर नजर ठेवून मान डोलावतो.

त्यापेक्षा उत्तर चुकू शकेल असा प्रश्न टाका. माझा ठरलेला एक होता. फळ्यावर लिहायचं : (३ + ४)चा वर्ग = ९ + १६. बरोबर की चूक, फक्त वहीत लिहा, तोंडानं बोलायचं नाही. पोरं लिहीत असताना बाकांमधून एक फेरी मारायची. निम्म्याहून जास्त वह्यांत "बरोबर" दिसतं. ज्यांनी (a + b)च्या वर्गाचं सूत्र घडाघडा पाठ म्हणून दाखवलेलं असतं, त्यांच्याही. मग कुणीतरी मान वर करतो, "बाई, पण सात सत्ते एकोणपन्नास की." इकडे पंचवीस, तिकडे एकोणपन्नास. "मग चोवीस कुठं गेले?" एवढं विचारायचं आणि गप्प राहायचं. वर्गात कुजबुज सुरू झाली की सात बाय सातचा चौरस काढायचा, तीन घरं सोडून एक उभी आणि एक आडवी रेघ ओढायची. एका कोपऱ्यात नऊ घरं, समोरच्या कोपऱ्यात सोळा, आणि उरले दोन आयत, बारा-बारा घरांचे. चोवीस सापडले. हे आयत ज्यानं स्वतः मोजले, तो सूत्रातलं मधलं पद, म्हणजे 2ab, सहसा विसरत नाही.

यातलं गप्प राहणं सगळ्यांत अवघड. मेरी बड रो नावाच्या अमेरिकन संशोधक बाईंनी १९७०च्या दशकात वर्गांतली ध्वनिमुद्रणं ऐकून मोजलं होतं : प्रश्न विचारल्यावर शिक्षक सरासरी एखादा सेकंद थांबतात. मग दुसऱ्याला उठवतात, नाहीतर स्वतःच सांगून मोकळे होतात. तेच शिक्षक तीन सेकंद थांबायला लागले तेव्हा उत्तरं लांबली, आणि एरवी न बोलणारी मुलंही बोलायला लागली. मी वाचलं तेव्हा वाटलं, आपण तर भरपूर थांबतो. दुसऱ्या दिवशी लक्ष ठेवलं तर मी प्रश्नाचं शेवटचं अक्षर संपायच्या आत पहिल्या बाकावरच्या मुलीकडे बोट दाखवत होते! मग सवय लावून घेतली : प्रश्न विचारायचा, खिडकीपर्यंत चालत जायचं, परत यायचं, आणि मगच कुणाचं तरी नाव घ्यायचं. नाव आधी घेतलंत तर बाकीची साठ डोकी तिथंच सुटीवर जातात.

आता तुमचा दुसरा मुद्दा, लक्ष नसण्याचा. माझ्या वर्गात उद्यमनगरातला एक मुलगा होता. वडिलांचा लेथ, शाळा सुटली की हा तिथंच. तीन छेद आठ अधिक एक छेद चार, या उदाहरणाचं उत्तर त्यानं लिहिलं होतं चार छेद बारा. वर वर, खाली खाली, बेरीज करून मोकळा. मी चिडून काहीतरी बोलणार, तेवढ्यात त्याच्या नखातलं काळं ऑइल दिसलं. विचारलं, "पाव इंच म्हणजे किती सूत रे?"

"दोन."

"त्यात तीन सूत मिळवले तर?"

"पाच सूत." असलं काय विचारताय, असा चेहरा.

"आणि एक सूत म्हणजे?"

"इंचाचा आठवा भाग." एवढं म्हणून तो थांबला. वहीकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं, आणि शेजारच्याचं खोडरबर ओढून घेतलं.

तो मुलगा कारखान्यात रोज अपूर्णांकांची बेरीज करत होता आणि शाळेत दोन वर्षं त्याच गणितात नापास होत होता. त्या दोन वर्षांत त्याचे वडील काय करतात हे मी एकदाही विचारलं नव्हतं. तेव्हापासून जूनमध्ये पहिलं काम हे : प्रत्येकाकडून अर्ध्या पानावर घरचं काम लिहून घ्यायचं. ऊस, गुऱ्हाळ, दूध, चांदीकाम, चपला, फौंड्री, सगळं निघतं. तुमच्या कागलकडे एमआयडीसीच आहे, उदाहरणं शोधायला लांब जायला नको.

जुलैत तर नदीच फळ्यावर येते. पंचगंगा राजाराम बंधाऱ्यावर किती फुटांवर, हे पोरांना तोंडपाठ असतं. इशारा पातळी ३९ फूट, धोका पातळी ४३. रोज सकाळची पातळी एका मुलानं आलेखावर मांडायची. दोन बिंदू झाले की विचारायचं, असंच चढलं तर ३९ कधी? पोरं रेषा पुढं ओढून उत्तर देतात, आणि बऱ्याचदा नदी त्या रेषेच्या खालीच राहते. का? कुणीतरी नदीकाठच्या चिखलीचा नाहीतर आंबेवाडीचा पोरगा सांगतो, "बाई, पाणी पात्राबाहेर पडलं की शिवारात पसरतंय, मग उंची हळू वाढती." चढ म्हणजे काय, रेषा वाकते का, हे मला याहून चांगलं सांगता आलं नसतं. एक मात्र सांभाळा. २०१९ला पाणी ५५ फुटांच्या वर गेलं होतं, काहींच्या घरात शिरलं होतं. वर्गात अशी मुलं असतील तर त्या वर्षाचे आकडे खेळायला घेऊ नका.

आणि रोजची शेवटची पाच मिनिटं राखून ठेवा. जुन्या वह्यांची कोरी पानं फाडून चतकोर चिठ्ठ्या करा, त्यावर एकच उदाहरण. स्टाफ रूममध्ये तीन ढीग : जमलं, अर्धवट, काहीच नाही. गुण द्यायचे नाहीत. एकसष्ट चिठ्ठ्यांना दहा मिनिटं पुरतात. उद्याचा तास अर्धवटच्या ढिगातल्या सगळ्यांत जास्त वेळा आलेल्या चुकीपासून सुरू करा, नाव न घेता. तुमचे कोरे पेपर चाचणीच्या आधी महिनाभर तिथंच दिसायला लागतील.

प्रश्न : आठवीचा वर्ग मला अजिबात दाद देत नाही. शाळेतले जुने सर म्हणतात, "मॅडम, छडी ठेवा टेबलावर, मारू नका हवं तर, नुसती ठेवा." काय करू? (एक शिक्षिका, पन्हाळा तालुका)

उत्तर : नुसती ठेवलेली छडी फार दिवस नुसती राहत नाही. शिक्षण हक्क कायदा २००९, कलम १७ : शारीरिक शिक्षा आणि मानसिक छळ, दोन्हीला मनाई. पहिलं सगळ्यांना माहीत असतं, दुसरं सोयीनं विसरलं जातं. मी हातानं कधी कुणाला मारलं नाही, याचा मला बरेच दिवस अभिमान होता. एकदा वीसपैकी एक गुण मिळालेल्या मुलाचा पेपर मी सगळ्या वर्गाला वाचून दाखवला, विनोद करत करत. वर्ग हसला, तोही हसला. मग आठ दिवस आला नाही. आला तेव्हा वही आणली नव्हती, आणि पुढं वर्षभर त्यानं माझ्या तासाला वही उघडली नाही. छडी परवडली असती, असं त्याच्या चेहऱ्यावर होतं.

गोंधळ बहुतेक तासाच्या पहिल्या तीन मिनिटांत जन्माला येतो, आपण हजेरी घेत असतो तेव्हा. तुम्ही दारात उभ्या राहा, मुलं आत येताना दिसली पाहिजेत. फळ्यावर दोन सोपी कामं आधीच लिहिलेली हवीत, म्हणजे बसल्याबरोबर हाताला उद्योग. हजेरी नंतर गुपचूप भरता येते. बैठकीचा नकाशा करून टेबलाच्या काचेखाली ठेवा आणि पंधरा दिवसांत सगळी नावं पाठ करा. "ए, तू, निळी बॅग" असं हाक मारलेलं मूल ऐकेल कशाला? सूचना द्यायची ती वर्ग शांत झाल्यावरच, आणि हळू आवाजात. आवाजावर आवाज चढवलात तर चाळीस गळ्यांपुढं तुमचा एकच आहे, आणि तो मार्चपर्यंत टिकवायचाय. कुणाला टोकायचं असेल तर त्याच्या बाकापाशी जा, वाकून दोन शब्द बोला आणि उत्तराची वाट न बघता पुढं सरका. सगळ्यांसमोर टोकलंत की त्याला मित्रांसाठी उलट बोलावंच लागतं.

त्या जुन्या सरांशी मात्र वाद घालू नका. त्यांच्या तासाला मागं बसून बघा. त्यांचा वर्ग छडीमुळं शांत आहे की ते घंटेला दारात हजर असतात म्हणून, ते कळेल.

प्रश्न : चार तुकड्या, जवळजवळ अडीचशे वह्या. रोजच्या पाठाचं टाचण, ऑनलाइन माहिती भरणं, वर मतदारयादीचं काम. वह्या तपासायच्या कधी? (एक त्रस्त शिक्षक, कोल्हापूर)

उत्तर : सगळ्या तपासू नका. पानापानावर लाल बरोबरच्या खुणा आणि खाली सही, हे तपासणी अधिकाऱ्यासाठी असतं, मूल ते बघतही नाही. दर आठवड्याला प्रत्येक तुकडीतल्या दहा वह्या, रोल नंबर कधी कुठून तर कधी कुठून, म्हणजे आपली पाळी कधी हे पोरांना कळत नाही. त्या दहा नीट वाचा. चुकीची ओळ सुधारून देऊ नका, तिच्यासमोर फक्त एक टिंब द्या. चूक काय ती त्यानं शोधायची. बाकीच्यांनी शेजाऱ्याशी वही बदलून फळ्यावरच्या उत्तरावरून तपासावी. टाचणात रोज नवं साहित्य लिहायची हौस सोडा, गेल्या वर्षीचं काढून समासात "इथं मुलं अडली" एवढं लिहा. मतदारयादीवर माझ्याकडं उपाय नाही, मीही उन्हातनं दारं वाजवत फिरले आहे.

प्रश्न : शाहू स्टेडियमवर तालमीच्या टीमची फुटबॉल मॅच असली की दुपारनंतर दहावीचा अर्धा वर्ग गायब. सांगून थकलो. (एक शिक्षक, शिवाजी पेठ)

उत्तर : पेठेत राहून पोरांना मॅच बघू नका म्हणायचं? सर, तुम्ही स्वतः कुठं असता त्या वेळी, हे मी विचारत नाही.

वेळापत्रक महिनाभर आधी कळतं, ते तुमच्या नियोजनाच्या वहीत लिहून ठेवा. त्या दुपारी नवा धडा नको, चाचणी तर मुळीच नको. आलेल्या वीस-बावीस जणांना बाक जोडून बसवा आणि एरवी मोठ्या वर्गात होत नाही ते करा : प्रत्येकाची अडलेली जागा स्वतः शेजारी बसून बघा. गोल फरकावरून ऋण संख्या वगैरे शिकवायचा मोह होईल. एकदा ठीक आहे, दुसऱ्यांदा पोरं ओळखतात आणि कंटाळतात. आणि जे आलेच नाहीत त्यांच्या नावानं आलेल्यांना दहा मिनिटं झापत बसू नका. पुढच्या वेळी तेही स्टेडियमवर दिसतील.