परिषद नंतर, आधी कार्यशाळा

प्रिय विद्यार्थिनीस,
अनेक आशीर्वाद.

तू सूक्ष्मजीवशास्त्रात एम.एस्सी.च्या शेवटच्या वर्षाला आहेस आणि आतड्यातल्या मायक्रोबायोमवर, म्हणजे तिथे राहणाऱ्या सगळ्या सूक्ष्मजीवांच्या समुदायावर, पीएच.डी. करायचं मनात आहे. तुझ्यापुढे दोन पर्याय आहेत. एक म्हणजे आंतरराष्ट्रीय परिषदेचं ईमेलने आलेलं निमंत्रण, तिथे पोस्टर लावायला मिळणार आहे. दुसरा म्हणजे मायक्रोबायोम डेटाच्या विश्लेषणाची दोन आठवड्यांची कार्यशाळा. दोन्हींचा मिळून खर्च झेपणारा नाही. परिषदेमुळे बायोडेटा वजनदार होईल असं मैत्रिणी सांगतात, कोडिंगची धास्ती वाटते म्हणून कार्यशाळेकडे मन वळत नाही, आणि या विषयात पुढे नोकरी आहे का, असं वडील विचारतात.

माझं मत स्पष्ट आहे. कार्यशाळेला जा. धास्ती वाटते म्हणून तर जाच.

तू लिहिलं आहेस की कल्चर करणं, म्हणजे सूक्ष्मजीव प्रयोगशाळेत वाढवणं, शुद्ध वसाहती वेगळ्या काढणं, डीएनए काढणं यात तुझा हात बसला आहे. ही मोठी जमेची बाजू आहे. पण निसर्गातले बहुसंख्य सूक्ष्मजीव नेहमीच्या प्लेटवर वाढतच नाहीत. म्हणून हे क्षेत्र सीक्वेन्सिंगवर, म्हणजे डीएनएमधल्या अक्षरांचा क्रम वाचण्यावर, उभं राहिलं. १९७७ साली कार्ल वूझ आणि जॉर्ज फॉक्स यांनी रायबोसोमच्या, म्हणजे पेशीत प्रथिनं बनवणाऱ्या यंत्रणेच्या, आरएनएची तुलना करून आर्किया हा जीवांचा वेगळाच गट दाखवला. त्याच रेणूच्या जनुकावरून, म्हणजे १६एस जनुकावरून, आज नमुन्यात कोण कोण आहे ते ओळखलं जातं. २००७ साली सुरू झालेल्या ह्यूमन मायक्रोबायोम प्रोजेक्टने २०१२ मध्ये २४२ निरोगी व्यक्तींच्या शरीरावरच्या वेगवेगळ्या जागांचा डेटा मांडला. आता तर एखादी साधी प्रयोगशाळासुद्धा नमुने पाठवून लाखो सीक्वेन्स मिळवू शकते. अडतं ते पुढे, त्यांचा अर्थ लावताना. नमुना कसा गोळा झाला हे जाणणारा आणि त्याचा डेटा स्वतः उलगडू शकणारा माणूस विरळा असतो. पीएच.डी.साठी मुलाखत घेणारे प्राध्यापक त्यालाच शोधत असतात.

हे दोन्ही एकाच डोक्यात का हवं, हे २०१४ सालच्या एका अभ्यासातून नीट कळतं. संशोधकांनी साल्मोनेला बोंगोरी या एकाच जीवाणूचं शुद्ध कल्चर घेतलं, ते पायरीपायरीने विरळ करत नेलं आणि प्रत्येक पायरीचं सीक्वेन्सिंग केलं. नळीत एकच जीवाणू होता, त्यामुळे यादीत एकच नाव यायला हवं होतं. पण पेशी जसजशा कमी झाल्या तसतशी भलतीच नावं वर आली, आणि सर्वांत विरळ नमुन्यांत त्यांचंच राज्य झालं. ती आली होती डीएनए काढायच्या किटमधून आणि रसायनांमधून. ज्याने रिकामी नळी, म्हणजे निगेटिव्ह कंट्रोल, सोबत चालवलेली नाही तो हेच जीवाणू 'शोध लागला' म्हणून छापून मोकळा होईल. रक्तात किंवा ऊतींत जीवाणू मुळातच नगण्य असतात, तिथे हा धोका सर्वांत जास्त.

दुसरं उदाहरण संगणकाच्या बाजूचं आहे. वेगवेगळ्या कर्करोगांची सूक्ष्मजीवांवरून ओळख पटते असा दावा करणारा शोधनिबंध २०२० साली 'नेचर'मध्ये आला आणि खूप गाजला. दुसऱ्या संशोधकांनी तो डेटा पुन्हा तपासला. जीवाणूंचे म्हणून मोजलेले बरेच सीक्वेन्स प्रत्यक्षात माणसाचेच निघाले. आकडे समपातळीवर आणण्याच्या प्रक्रियेनेही नसलेला फरक निर्माण केला होता. २०२४ मध्ये तो निबंध मागे घेतला गेला. यादीत कर्करोगाशी, माणसाशी काहीच नातं नसलेली नावं दिसत होती. ज्याने जीवाणू हाताळले आहेत त्याला अशी नावं खटकतात. तुला खटकली असती. पण खटकल्यावर ती तपासायची कशी, हे तुला अजून येत नाही, आणि ते कार्यशाळेत शिकता येतं.

कार्यशाळा निवडताना तिच्या माहितीपत्रकात मी तीन गोष्टी बघतो. कच्च्या सीक्वेन्सपासून निष्कर्षापर्यंतचं काम सहभागींच्या हातून होतं, की पडद्यावर दाखवलं जातं? संख्याशास्त्राला पुरेसा वेळ दिला आहे का? सीक्वेन्सिंगमधून प्रमाणं मिळतात, नमुन्यात प्रत्यक्ष किती पेशी होत्या ते कळत नाही. एक गट वाढला की बाकीचे घटल्यासारखे दिसतात, मग ते घटलेले असोत वा नसोत. हे न शिकवणारी कार्यशाळा अर्धवट समज. आणि तिसरं, कंट्रोलबद्दल काही आहे का? प्रमाणपत्रावर कोणाची सही आहे याला मी फारसं महत्त्व देत नाही.

मोकळ्या हातांनी मात्र जाऊ नकोस. पहिले दोन दिवस फोल्डर शोधण्यात आणि कमांड टाइप करण्यात गेले तर बाकीचं डोक्यावरून जातं. गॅलेक्सी या व्यासपीठावर ब्राउझरमधूनच विश्लेषण करता येतं आणि त्याचे धडे मोफत आहेत. चाइम २ (QIIME 2) या मायक्रोबायोम डेटाच्या विश्लेषणाच्या सॉफ्टवेअरच्या मार्गदर्शिकेत एक प्रसिद्ध सराव आहे, दोन व्यक्तींच्या शरीरावरच्या चार जागांचे वेगवेगळ्या वेळी घेतलेले नमुने. तो पूर्ण कर. सोबत आर (R) या संख्याशास्त्रासाठी वापरल्या जाणाऱ्या संगणकीय भाषेची तोंडओळख करून घे. मग आवडलेला एखादा शोधनिबंध घे, त्याचा डेटा सार्वजनिक संग्रहातून उतरवून घे आणि त्यातली एक आकृती स्वतः काढून बघ. जमेलच असं नाही. जिथे अडशील तो प्रश्न घेऊन कार्यशाळेला जा. दोन आठवड्यांत तुला जे मिळेल ते त्या प्रश्नामुळे मिळेल.

आता त्या निमंत्रणाबद्दल. तू पाठवलेला मजकूर मी वाचला. 'मान्यवर संशोधक' म्हणून तुझा गौरव केला आहे, विषयांच्या यादीत सूक्ष्मजीवांपासून नॅनोतंत्रज्ञानापर्यंत सगळं आहे, सारांश पाठवल्याच्या दुसऱ्याच दिवशी निवड कळणार आहे आणि आयोजक म्हणून कोणत्याही वैज्ञानिक संस्थेचं नाव नाही. अशा ठिकाणी पैसे भरू नकोस. नोंदणीशुल्कासाठी भरवलेल्या परिषदा निवड समितीला लगेच ओळखू येतात, आणि त्यांचा उल्लेख बायोडेटाला उणेपणाच आणतो.

खऱ्या परिषदांमागे विषयातली संस्था असते. सूक्ष्मजीव परिसंस्थाशास्त्राच्या आंतरराष्ट्रीय संस्थेची, इस्मेची, परिषद साधारण दोन वर्षांनी भरते. २०२२ मध्ये ती लोझानला झाली, २०२४ मध्ये केपटाउनला. तिथे जरूर जा, पण स्वतःचे निकाल हाती आल्यावर. तोवर एखाद्या संस्थेच्या छोट्या वार्षिक संमेलनाला जा, आणि मोठ्या सभागृहापेक्षा पोस्टरजवळ जास्त वेळ घालव. पोस्टरशेजारी उभ्या असलेल्या पीएच.डी.च्या विद्यार्थ्याला विचार की यातलं काय फसलं. फसलेले प्रयोग निबंधात छापले जात नाहीत, ते तिथेच ऐकायला मिळतात. कोणत्या प्रयोगशाळेत जागा होणार आहे, कोणता गाईड विद्यार्थ्यांना वेळ देतो, हेही तिथेच कळतं.

पुढचं एक स्वप्न आताच सांगून ठेवतो. अमेरिकेतल्या वुड्स होलच्या मरीन बायोलॉजिकल लॅबोरेटरीत होल्गर यानाश यांनी १९७१ मध्ये सुरू केलेला सूक्ष्मजीव विविधतेचा उन्हाळी अभ्यासक्रम आजही चालतो. तिथेच स्टॅम्प्स नावाचा डेटा विश्लेषणाचा अभ्यासक्रमही होतो. निवड कठीण असते, पण आर्थिक मदतीसाठी अर्ज करता येतो. पीएच.डी.च्या पहिल्या-दुसऱ्या वर्षात तिकडे नजर ठेव.

वडिलांना माझा नमस्कार सांग. त्यांची काळजी रास्त आहे. संशोधनातल्या कायम जागा थोड्या असतात आणि त्यासाठी वर्षानुवर्षं वाट बघावी लागते, हे त्यांच्यापासून लपवू नकोस. पण सूक्ष्मजीवांचा डेटा वाचता येणाऱ्या माणसाचं काम विद्यापीठापुरतं मर्यादित नाही. रुग्णालयातल्या संसर्गाचा माग काढणं, सांडपाण्यावरून साथीचा अंदाज घेणं, शेतजमिनीचा अभ्यास, आंबवण्याचे उद्योग, सीक्वेन्सिंग सेवा देणाऱ्या कंपन्या, सगळीकडे हेच कौशल्य लागतं, आणि त्यातल्या बऱ्याच जागांना पीएच.डी. लागत नाही. फक्त विष्ठेच्या एका चाचणीवरून आहार आणि आजार सांगण्याचा दावा करणाऱ्या कंपनीत जाण्याआधी तिने कोणते निकाल प्रसिद्ध केले आहेत ते तपास. या क्षेत्रात दावे पुराव्याच्या बरेच पुढे पळतात.

कार्यशाळेच्या अर्जात 'मला या विषयाची खूप आवड आहे' यावर परिच्छेद खर्च करू नकोस. कोणता डेटा उतरवून घेतलास, कुठे अडलीस आणि परत येऊन कोणत्या नमुन्यांवर काम करणार आहेस, तेवढं लिही. मसुदा तयार झाला की मला पाठव.