पायऱ्या दिसल्या, पण चूल कुठे आहे?

प्रश्न : जपानच्या योनागुनी बेटाजवळ समुद्राखाली दहा हजार वर्षांपूर्वीचे शहर सापडल्याचे वाचले. छायाचित्रांत पायऱ्या, चौथरे आणि काटकोनात कापलेल्या भिंती स्पष्ट दिसतात, तरीही पुरातत्त्वज्ञ ते शहर मानत नाहीत. इतक्या सरळ रेषा निसर्ग आखू शकतो का?

उत्तर : आखू शकतो, आणि योनागुनीचा खडक त्यासाठी फारच सोयीचा आहे. हॅमरहेड शार्क पाहण्यासाठी योग्य जागा शोधणाऱ्या किहाचिरो अराताके या पाणबुड्याला १९८०च्या दशकात ही रचना प्रथम दिसली. तेथील वालुकाश्माचे थर एकावर एक बसलेले आहेत आणि दोन थर जेथे एकमेकांना टेकतात तेथे खडक सपाट सुटतो. शिवाय हा प्रदेश भूकंपाचा असल्याने खडकाला उभ्या, जवळजवळ समांतर भेगा पडलेल्या आहेत. आडवे सुटणे आणि उभे तडकणे एकत्र आले की चौकोनी ठोकळे मोकळे होतात, लाटा व प्रवाह ते ओढून नेतात, आणि मागे जिना उरतो. याच बेटाच्या किनाऱ्यावर, सान्निनुदाई येथे, पाण्याबाहेरही असाच पायऱ्यापायऱ्यांचा खडक आहे. पण उघड्या उन्हातल्या जिन्याचे कोणाला गूढ वाटत नाही.

र्‍युक्यू विद्यापीठातील सागरी भूशास्त्रज्ञ मासाआकी किमुरा यांनी ही रचना मानवनिर्मित असल्याचे अनेक वर्षे आग्रहाने मांडले. उलट बोस्टन विद्यापीठातील भूशास्त्रज्ञ रॉबर्ट शॉक यांनी तेथे स्वतः बुडी मारून पाहिल्यावर ती मुख्यतः नैसर्गिक असल्याचे मत दिले. शॉक यांचे मत लक्षात घेण्याजोगे आहे, कारण गिझाच्या स्फिंक्सला रूढ कालगणनेपेक्षा बराच जुना ठरवणारे तेच. प्राचीनतेच्या दाव्यांचे त्यांना मुळीच वावडे नाही. दहा हजार वर्षांचा आकडा तर किमुरा यांनीच पुढे दोन-तीन हजार वर्षांवर आणला. मूळ पुरस्कर्त्याने सोडलेला आकडा त्याचे अनुयायी मात्र अजून सांभाळून आहेत.

अखंड खडक कोरून वास्तू घडवता येते, हे मान्य. परंतु वस्ती ओळखायची ती तिच्या भिंतींवरून नव्हे, तर तिच्या केरकचऱ्यावरून. इस्रायलच्या किनाऱ्याजवळील अतलित याम हे सुमारे नऊ हजार वर्षांपूर्वीचे गाव खरोखरच समुद्राखाली, ८ ते १२ मीटर खोलीवर आहे. मातीची भांडी घडवण्याची कला तेथे पोहोचण्यापूर्वीची ही वस्ती. तरी तिथे दगडांनी बांधलेली विहीर मिळाली, चुली मिळाल्या, धान्य मिळाले, माशांची हजारो हाडे मिळाली आणि पुरलेली माणसेही मिळाली. हिमयुगाच्या ऐन भरापासून आजवर समुद्राची पातळी सुमारे १२० मीटरने वाढली असल्याने बुडालेल्या वस्त्या असणे यात नवल काहीच नाही. योनागुनीच्या भव्य जिन्यापाशी मात्र तो चढणाऱ्यांनी काय रांधले, काय फेकले आणि आपली माणसे कोठे पुरली, याचा निर्विवाद पुरावा आजवर समोर आलेला नाही.

प्रश्न : तुर्कस्तानातील गोबेक्ली तेपे या प्राचीन स्थळाने तज्ज्ञांना चूक ठरवलेच ना? मग इतर दावे का नाकारायचे?

उत्तर : चूक ठरवले, हे खरे, शेती रुजण्यापूर्वी, इसवी सनापूर्वी सुमारे ९५०० या काळात, माणसे एवढे प्रचंड कोरीव स्तंभ उभारतील असे कोणाला वाटले नव्हते. पण ही चूक दाखवून दिली ती तज्ज्ञांनीच, उत्खननातून. १९६३च्या पाहणीत टेकडीवर डोकावणाऱ्या चुनखडीच्या शिळा मध्ययुगीन थडग्यांच्या समजल्या गेल्या होत्या. १९९४ साली जर्मन पुरातत्त्वज्ञ क्लाउस श्मिट तेथे गेले, तेव्हा त्यांना त्या जागेचे महत्त्व कळले ते मुख्यतः पायाखाली सर्वत्र विखुरलेल्या गारगोटीच्या कपच्यांमुळे. पुढे उत्खननात गझेल हरणांची आणि रानबैलांची फोडलेली हाडे ढिगांनी निघाली. ती शिकारीची आहेत, पाळीव जनावरांची नाहीत. म्हणून हे स्तंभ उभारणारे लोक लुप्त झालेल्या प्रगत संस्कृतीचे वारस नसून शिकार करून आणि रानधान्य गोळा करून जगणारे होते, असे म्हणता येते.